कागदी कोनावरचा लेप: डामर वॉर्निश आणि पांढरा गोंद, वर्षभर वापरून

माझ्याकडे आठ इंची कागदी कोनाच्या फुल-रेंज स्पीकरांची एक जुनी जोडी आहे. मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा कोन चिकटवलेला आहे, सराउंड, म्हणजे कोनाला बाहेरच्या चौकटीशी जोडणारी लवचीक कड, चुणीदार कापडाचा आहे आणि सगळा आवाज कोनाला हलवणाऱ्या एकाच कॉइलमधून निघत असल्यामुळे मध्ये क्रॉसओव्हर, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारे सर्किट, नाही. गाणाऱ्याचा गळा आणि तंबोरा या स्पीकरांवर इतके जवळचे वाटतात की नवे, महागडे स्पीकर ऐकून आल्यावरही मी पुन्हा यांच्यापाशीच येऊन बसतो. त्यांचा एकच दोष मला अनेक वर्षे सलत होता. माझी मुलगी हार्मोनियम शिकते. तिचा रियाज मी घरीच ध्वनिमुद्रित करून या स्पीकरांवर लावला की तार सप्तकातली पांढरी पाच आली रे आली, तो एकच स्वर बाकीच्यांना मागे सारून कानात टोचत असे. प्रत्यक्ष पेटी वाजत असताना असे काही होत नव्हते आणि हेडफोनवरही तो स्वर इतरांच्या ओळीत नीट बसलेला असे, त्यामुळे दोष पेटीचा नव्हता आणि ध्वनिमुद्रणाचाही नव्हता.

कोनावर लेप देऊन असा कर्कशपणा घालवता येतो, असे या छंदातल्या जाणत्या माणसांकडून मी पुष्कळदा ऐकले होते. पण त्याच दमात बेस वाढतो, आवाज खुलतो, बारकावे ऐकू येऊ लागतात अशीही आश्वासने दिली जात, आणि एकाच वस्तूने हे सगळे साधावे हे मनाला पटत नव्हते. म्हणून गेल्या वर्षी गणपती उरकल्यावर मी दोन लेप क्रमाने, वजन आणि मोजमाप लिहून ठेवत वापरून पाहिले: चित्रकार वापरतात ते डामर वॉर्निश आणि सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी घालून पातळ केलेला. त्याआधी एका दुकानातून करून घेतलेल्या लेपाचा अनुभवही गाठीशी होता, तो पुढे सांगेन.

कोन एखाद्या ताठ दट्ट्यासारखा अखंड पुढेमागे हलतो, ही समजूत खालच्या स्वरांपुरतीच खरी आहे. वारंवारता वाढत गेली की कॉइलने मुळाशी दिलेला धक्का कागदाला वाकवत कडेकडे जातो, सराउंडपाशी त्याचा काही भाग जिरतो आणि उरलेला परत फिरतो. जाणारी आणि परतणारी लाट काही ठरावीक वारंवारतांना एकमेकींना बळ देतात. मग कोनाचा एक पट्टा पुढे येत असताना शेजारचा पट्टा मागे जातो, आणि त्या जागी, कोणत्या वारंवारतेला किती आवाज निघतो हे दाखवणाऱ्या आलेखात, एखादा उंच सुळका किंवा खोल खळगा दिसू लागतो. आठ इंची कागदी कोनात हे साधारणपणे एक ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान घडते. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, त्यामुळे कोनाची ही बेशिस्त नेमकी तिथे उमटते जिथे ती लपू शकत नाही. लेपाने अशा कोनात तीन गोष्टी बदलतात: त्याचे वस्तुमान, त्याचा ताठरपणा, आणि अवमंदन, म्हणजे वाकण्यातली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकण्याची क्षमता. कुठलाही लेप या तिन्ही गोष्टी थोड्याफार बदलतोच. कोणती गोष्ट किती बदलतो, यावर त्याचे बरेवाईटपण ठरते.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. तबल्याच्या पुडीवर कारागीर शाईचा एकेक थर देऊन तो घोटून बसवतो, तेव्हा नुसत्या चामड्याचे जे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर, परस्परांशी जुळत नाहीत ते शाईच्या भारामुळे सुरेल प्रमाणात येतात; चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 साली आणि पुढे 1934 मध्ये या वाद्यांचा अभ्यास करून हे शास्त्रीय पद्धतीने दाखवून दिले. पखवाजाच्या धुमेवर, म्हणजे डाव्या पडद्यावर, वादक ओल्या कणकेचा गोळा थापतो तोही याच कारणासाठी: पडदा जड होतो आणि स्वर खाली उतरतो. त्यामुळे हलणाऱ्या पातळ पृष्ठभागावर काहीतरी लावून आवाज बदलणे ही अंधश्रद्धा आहे, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र शाई भरणारा कारागीर प्रत्येक थरानंतर थांबतो, ठोकून ऐकतो आणि मगच पुढचा थर देतो, तर आपल्यातले बहुतेक जण स्पीकरवर ब्रश फिरवून मोकळे होतात आणि मग आवाज सुधारला असे स्वतःला पटवत बसतात.

मी ठोकून ऐकण्याच्या जागी मोजमाप ठेवले. यूएसबीने संगणकाला जोडता येणारा मोजमापाचा मायक्रोफोन आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे विनामूल्य मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर हे काम घरच्या घरी होते. खोलीतल्या भिंतींचे परतीचे आवाज मिसळू नयेत म्हणून मायक्रोफोन कोनापासून फूटभर अंतरावर ठेवला, आणि तो दर वेळी त्याच जागी यावा म्हणून फरशीवर खुणा केल्या. पहिल्याच आलेखात 3,150 हर्ट्झच्या जवळ आजूबाजूच्या पातळीहून सुमारे 7 डेसिबल वर गेलेला एक अरुंद सुळका दिसला आणि मुलीच्या पेटीचे कोडे सुटले. तार सप्तकातल्या पांढऱ्या पाचची वारंवारता सुमारे 784 हर्ट्झ असते आणि तिच्या चौपटीचा उपस्वर 3,136 हर्ट्झवर येतो. पेटीतल्या थरथरणाऱ्या धातूच्या पट्टीच्या आवाजात असे उपस्वर भरपूर असतात, आणि कोन नेमका तोच उपस्वर उचलून मोठा करीत होता. सिग्नल थांबल्यावरही त्या वारंवारतेचा आवाज इतरांपेक्षा उशिरा विझत होता, हेही आलेखात स्पष्ट होते.

याच जातीचा एक तिसरा स्पीकर मी सुट्या भागांसाठी म्हणून घेऊन ठेवला होता. त्यातही सुळका जवळजवळ त्याच जागी होता, म्हणून डामरचा प्रयोग आधी त्याच्यावर केला.

डामर या नावाने गोंधळ होऊ नये. रस्त्यावरच्या डांबराशी याचा काही संबंध नाही. मलय भाषेत राळेला डामर म्हणतात, आणि आग्नेय आशियातल्या झाडांपासून मिळणारी ती राळ टर्पेंटाइनमध्ये विरघळवून चित्रकार तैलचित्रांवर शेवटचा हात देण्यासाठी वापरतात. आपण धूप म्हणून जाळतो ती साल वृक्षाची राळ याच कुळातल्या झाडाची. फुल-रेंज स्पीकरांच्या शौकिनांमध्ये, विशेषतः हलक्या कागदी कोनांच्या चाहत्यांमध्ये, या वॉर्निशची मोठी ख्याती आहे. कलासाहित्याच्या दुकानात ते तयार मिळते. मी ते टर्पेंटाइनने आणखी पातळ करून दोन हात दिले. पहिला हात कागदाने क्षणात पिऊन टाकला, दुसरा हलकी चकाकी ठेवून वाळला. बोटाला एका दिवसात कोरडे लागले तरी खोलीतला वास जायला तीन आठवडे लागले, आणि तोवर घरातल्यांनी तो स्पीकर गॅलरीत ठेवायला लावला हे त्यांच्या बाजूने रास्तच होते.

पहिले काही दिवस मी अत्यंत खूश होतो. शब्दांची टोके धारदार झाली, तबल्याच्या चाटीचा आघात अधिक टणक झाला आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरची धूळ झटकल्यासारखे वाटले. मग मोजमाप घेतले, तेव्हा कळले की सुळका खाली आलेला नाही, फक्त सरकला आहे: 3,150 हर्ट्झवरचा आता 3,300 च्या थोडा पुढे उभा होता आणि पहिल्यापेक्षा किंचित अरुंद व अणकुचीदार झाला होता. मुलीचे ध्वनिमुद्रण पुन्हा लावले तर पांढरी पाच शांत झाली होती, पण आता काळी चार टोचू लागली होती. डामर वाळल्यावर कडक आणि ठिसूळ होते. ते तंतूंमध्ये शिरून कागद ताठ करते, त्यामुळे वाकण्याच्या लाटा वेगाने धावतात आणि अनुनाद, म्हणजे लाटा एकमेकींना बळ देतात ती जागा, वर सरकतो; पण कडक राळेत स्वतःचे अवमंदन फार थोडे असल्यामुळे तो जिरत नाही. ज्याला मी स्पष्टता समजलो होतो तिच्यात या नव्या, वर सरकलेल्या सुळक्याची चमक बरीच मिसळलेली होती, आणि तासभर सलग ऐकल्यावर कान थकत होते.

तरीही डामरला मी पूर्णपणे नाकारणार नाही. तिसऱ्या स्पीकरच्या छोट्या कोनाचा कागद फार नरम पडला होता. त्यावर एकच पातळ हात दिल्यावर वरचे स्वर कोरडे, स्वच्छ झाले आणि झांजेचा आवाज पसरट राहिला नाही. ज्या कोनाचा दोष नरमपणा हाच आहे, तिथे हे वॉर्निश उपयोगी पडते. परंतु त्यात एक मोठा धोका आहे, तो मी भोगला. टर्पेंटाइनमुळे पातळ झालेले वॉर्निश केशाकर्षणाने पसरते. मी कडेपासून अर्ध्या इंचावर थांबलो होतो तरी ते कापडी सराउंडच्या पहिल्या दोन चुण्यांपर्यंत गेले आणि तिथे वाळून कडक झाले. त्या स्पीकरची मूळ अनुनादी वारंवारता, म्हणजे ज्या खालच्या वारंवारतेला सबंध कोन सर्वांत सहज डोलतो ती, वस्तुमान वाढल्यामुळे खाली यायला हवी होती, ती उलट वर गेली, म्हणजे कोनाला लवचीकपणे तोलून धरणारे निलंबनच आखडले. हे सुधारता येत नाही. वाळलेले डामर टर्पेंटाइनमध्ये पुन्हा विरघळते खरे, पण कागदाच्या आणि कापडाच्या पोटातून ते बाहेर काढता येत नाही. सराउंड रबरी असेल तर टर्पेंटाइन त्याच्या जवळपासही नेऊ नये, कारण त्याने रबर फुगते.

पांढऱ्या गोंदाकडे मी काहीसा निरुत्साहाने वळलो, कारण त्याच्याभोवती डामरसारखे वलय नाही. तो शाळेच्या दप्तरातही असतो आणि सुताराच्या पेटीतही. रासायनिकदृष्ट्या तो पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे, म्हणजे पीव्हीएचे, पाण्यातले दुधट मिश्रण असतो. आणि स्पीकरच्या इतिहासात त्याच्याइतके प्रतिष्ठित काम दुसऱ्या कोणत्याही लेपाने केलेले नाही. बीबीसीच्या संशोधन विभागाने 1960 च्या दशकात, कागदी कोन एकासारखा एक निघत नाही या अडचणीवर उपाय म्हणून, बेक्स्ट्रीन या पॉलिस्टायरीनवर आधारलेल्या प्लॅस्टिकचे कोन वापरायला सुरुवात केली. बेक्स्ट्रीनचे कोन एकसारखे निघत, परंतु त्यांचे स्वतःचे अवमंदन अपुरे असल्याने त्यांच्यावर पीव्हीएचा लेप द्यावा लागे. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत मावेल एवढा छोटा म्हणून 1970 च्या दशकात घडवलेल्या ‘एलएस 3/5ए’ या मॉनिटरमधला, म्हणजे ध्वनिमुद्रण पारखण्याच्या स्पीकरमधला, केईएफ कंपनीचा बी-110 हा पाच इंची स्पीकर याच घडणीचा. मानवी आवाजाच्या खरेपणासाठी तो आजही नावाजला जातो. त्याची किंमत संवेदनशीलतेत, म्हणजे तेवढ्याच विजेत किती मोठा आवाज निघतो यात, मोजावी लागली: एका वॅटला, एका मीटरवर जेमतेम 82-83 डेसिबल. पुढे बीबीसीतल्याच डडली हारवूड यांनी पॉलिप्रॉपिलीनचा कोन पुढे आणला आणि 1977 मध्ये हार्बेथ ही कंपनी काढली. पॉलिप्रॉपिलीनमध्ये जिरवण्याचा गुण अंगभूत असल्यामुळे वरून लेप देण्याची गरज उरली नाही. या इतिहासातून मला महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की तिथे लेप आधीपासून आराखड्यात होता, त्याचे वजन धरून बाकीची घडण आणि क्रॉसओव्हर बेतलेले होते. आपण मात्र दुसऱ्याने बेतलेल्या स्पीकरवर मागाहून भार घालत असतो, म्हणून आपला हात त्यांच्यापेक्षा कितीतरी हलका असायला हवा.

किती हलका, हे मी वजनावर ठरवले. कोनावर ठाऊक वजनाचा मातीचा गोळा चिकटवून अनुनादी वारंवारता किती उतरते हे पाहिले की हलणाऱ्या भागाचे वस्तुमान काढता येते. माझ्या स्पीकरमध्ये ते 9.5 ग्रॅम आले, आणि ही संख्या हाती आल्यावर बाकीचे सगळे हिशेबाने कळते. गोंद आणि पाणी समप्रमाणात घेतले. अशा गोंदात घन पदार्थ निम्म्याच्या आसपास असतो, म्हणजे मिश्रणात तो सुमारे पाव भाग. सोनाराकडे असतो तसल्या, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर वाटी आणि ब्रश एकत्र ठेवून आधी आणि नंतर वजन केले. दोन हातांत मिळून 3.2 ग्रॅम मिश्रण खर्ची पडले, म्हणजे वाळल्यावर कोनावर सुमारे 0.8 ग्रॅम उरले. लेप मोठ्या कोनाच्या बाहेरच्या दोन तृतीयांश भागावरच दिला, कारण कडेकडून परतणारी लाट तिथेच अडवायची होती. छोटा कोन, डस्ट कॅप (मधोमधचे धूळ अडवणारे झाकण) आणि सराउंड यांना ब्रश लागू दिला नाही.

पहिल्या हातानंतर घाबरायला होईल असा एक प्रकार झाला, तो नोंदवून ठेवतो. पाण्याने कागद ओला होऊन कोन किंचित वेडावाकडा झाला आणि बोटांनी हलकेच दाबला तर कॉइल घासल्याचा बारीक खर्र आवाज येऊ लागला. स्पीकर तोंड वर करून, सपाट ठेवून, एक दिवस तसाच राहू दिला आणि कागद वाळताच कोन मूळ आकारात आला. घासणे पूर्ण थांबले. त्या वेळी घाईने हेअर ड्रायर लावला असता तर एक बाजू आधी आकसून कोन कायमचा वाकडा झाला असता, असे मला वाटते. दोन हातांमध्ये पूर्ण 24 तास जाऊ द्यावेत आणि शेवटचे मोजमाप आठवडाभरानंतर घ्यावे, कारण ओलावा पूर्ण निघेपर्यंत वजनही खोटे असते आणि आवाजही.

आठवड्यानंतरच्या आलेखात सुळका त्याच जागी होता, पण त्याची उंची 7 डेसिबलवरून 3 डेसिबलच्या आसपास आली होती, त्याचे खांदे रुंद आणि गोल झाले होते, आणि सिग्नल थांबल्यावर तो शेजाऱ्यांबरोबरच विझत होता. ऐकताना पहिल्या क्षणी निराशा झाली, कारण डामरसारखी चमक अजिबात जाणवली नाही. उलट आवाज थोडा मवाळ झाल्यासारखा वाटला. पण पांढरी पाच आली आणि इतर स्वरांसारखीच निघून गेली. पुढल्या काही आठवड्यांत लक्षात आले की मी पूर्वीपेक्षा जास्त वेळ ऐकतो आहे, आणि स्त्रीगायिकांच्या तार षड्जाला आवाज कमी करण्यासाठी उठावे लागत नाही.

बेस वाढण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लेपाची शिफारस करणारे हेच सर्वांत आधी सांगतात. 9.5 ग्रॅमचे 10.3 ग्रॅम झाले की अनुनादी वारंवारता 62 हर्ट्झवरून साडेएकोणसाठवर येते आणि माझ्या मोजमापातही तसेच आले. पण अनुनादाच्या खाली कोनाची हालचाल निलंबनाच्या ताणावर ठरते, वस्तुमानावर नाही. वस्तुमानाची सत्ता चालते ती अनुनादाच्या वर. त्यामुळे लेपाने खालचा आवाज जिथल्या तिथे राहतो आणि मधला आवाज उतरतो, माझ्या बाबतीत 0.7 डेसिबलने. आपण मग व्हॉल्यूम थोडा वाढवतो, मधला आवाज पूर्वीच्या पातळीवर येतो आणि त्याच्या तुलनेत खालचा भाग भरलेला वाटतो. हा परिणाम खोटा नाही, परंतु तो ॲम्प्लिफायरच्या टोन कंट्रोलने किंमत न मोजता मिळतो. डामरवाल्या, आधीच बिघडलेल्या तिसऱ्या स्पीकरवर मी नंतर मुद्दाम गोंदाचे थर चढवत गेलो. एकूण अडीच ग्रॅम भार झाला तेव्हा मधली पातळी 2 डेसिबलने घसरली आणि तंबोऱ्याची जवारी जणू पडद्याआडून ऐकू येऊ लागली. हलक्या कोनाचा जो गुण जपण्यासाठी आपण असे स्पीकर सांभाळतो, तो गुणच अशा जाड लेपाखाली गाडला जातो.

पांढऱ्या गोंदाचे दोन दोष मात्र आपल्या हवेत दुर्लक्षिता येणार नाहीत. पीव्हीए हे सुमारे 30 अंश सेल्सिअसच्या आसपास काचेसारख्या कडक अवस्थेतून रबरासारख्या मऊ अवस्थेत जाते, आणि जिरवण्याचे काम ते या उंबरठ्याजवळ सर्वांत चांगले करते. बाजारातल्या गोंदात मऊपणा आणणारी द्रव्ये घातलेली असतात, त्यामुळे हा उंबरठा आणखी खाली सरकतो, पण नाहीसा होत नाही. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे खोलीत 16 अंश असताना घेतलेल्या आलेखात सुळका पुन्हा डेसिबलभर वर आलेला दिसला, आणि एप्रिलच्या दुपारी तो खाली बसला. एवढा फरक मला कानाने सांगता आला नसता. पण नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे एकाच वर्षात दहा अंश आणि पंचेचाळीस अंश दोन्ही भोगावे लागतात, तिथे हा फरक याहून मोठा असणार. दुसरा दोष पाण्याचा. साधा पांढरा गोंद वाळला तरी दमट हवेत ओलावा धरतो आणि पाण्याचा थेंब पडला तर पांढरा पडून मऊ होतो. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात कागदी कोन आधीच ओल पितो आणि त्यावर बुरशीही धरते, तिथे मी याऐवजी चित्रकारांचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक माध्यम, मॅट जातीचे, सुचवीन. ते वाळल्यावर पाण्याने विरघळत नाही आणि थंडीतही लवचीक राहते. एका सहा इंची कोनावर मी ते वापरले आहे; काम गोंदासारखेच, थोडे कमी प्रभावी, पण सबंध पावसाळा काढून ते जसेच्या तसे आहे.

आता दुकानाचा अनुभव. काही वर्षांपूर्वी माझ्या दहा इंची वूफरांची कॉइल जळाली होती म्हणून ते मी रिकोनिंगसाठी, म्हणजे कॉइल आणि कोन नव्याने बसवून घेण्यासाठी, एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. त्याने ते काम सुरेख केले: चुंबकाच्या गॅपमध्ये पातळ पट्ट्या घालून कॉइल अचूक मध्यावर बसवली, कॉइलला मागून तोलणारा स्पायडर सरळ चिकटवला, आणि आजही त्या कॉइली कुठेही घासत नाहीत. पण जाता जाता, न विचारता, त्याने दोन्ही कोनांवर आणि सराउंडवर काळा, रबरासारखा जाड लेप दिला, आणि ‘आता पाऊस पडला तरी चिंता नाही’ असे सांगितले. त्याच्या दृष्टीने ते योग्यच होते, कारण त्याच्याकडे येणारे बहुतेक स्पीकर मांडवातले आणि मिरवणुकीतले. त्यांना पावसात भिजायचे असते, आणि तिथे लेपाचा हेतू कागद वाचवणे हा असतो. घरातल्या वूफरला त्याने नुकसानच झाले. पातळी घसरली, कडेची हालचाल जड झाली आणि मृदंगाची थाप उठायच्या आत बसू लागली. रिकोनिंगसाठी मी आजही त्याच्याकडे जाईन, परंतु लेप देऊ नये असे कागदावर लिहून देईन. जुन्या कापडी सराउंडची छिद्रे बुजवण्यासाठी द्यायचा चिकट लेप ही आणखी तिसरीच गोष्ट आहे. बंद खोक्यातल्या स्पीकरमध्ये हवा गळू नये म्हणून तो आवश्यक असतो आणि तो कायम ओलसर, न वाळणारा हवा. हे तीनही लेप दुकानात ‘डोप’ या एकाच नावाने ओळखले जातात, म्हणून कोणता हवा ते स्पष्ट सांगितल्याशिवाय स्पीकर हातातून सोडू नये.

ऑस्ट्रियातले व्हायोलिन घडवणारे डीटर एनेमोझर यांचा ‘सी-37’ नावाचा लाखेसारखा लेपही प्रसिद्ध आहे. मानवी शरीराच्या 37 अंश तापमानाशी आणि कार्बनच्या रचनेशी त्याचे नाते जोडणारा त्यांचा सिद्धान्त मला पटत नाही. कोनावरच्या लेपाचे जे परिणाम मी पाहिले ते सगळे वस्तुमान, ताठरपणा आणि अवमंदन यांनी पूर्णपणे उलगडतात.

ज्यांना आपला स्पीकर कायमचा बदलायचे धाडस नाही, त्यांनी आधी विजेच्या बाजूने उपाय करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. 0.25 मिलिहेन्रीची बाहेरची, वेगळी कॉइल, 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि आठेक ओहमचा रेझिस्टर असे तिन्ही एकमेकांना समांतर जोडून तो संच स्पीकरच्या तारेत मालिकेत घातला की 3,180 हर्ट्झच्या आसपासचा आवाज दबतो. माझ्या सुळक्यासाठी हे आकडे जवळजवळ नेमके आहेत. न आवडल्यास सोल्डरचे दोन टाके काढले की स्पीकर पूर्ववत. मी हे आधी केले होते आणि पांढऱ्या पाचचे टोचणे त्याने बरेच कमी झाले होते. तरी शेवटी लेपाकडे गेलो त्याचे कारण असे की चुंबकात हलणाऱ्या स्पीकरच्या कॉइलमुळेच जी थोडी विकृती उपजते, तिचे उपस्वर त्या सुळक्यावर पडले की कोन त्यांनाही मोठे करतो, आणि तारेतला संच त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. लेप कोनावरच असल्यामुळे तो तिथेही काम करतो.

खर्चाचे म्हणाल तर गोंदाची लहान बाटली शंभर रुपयांच्या आत येते आणि ती दहा जोड्यांना पुरेल. डामर वॉर्निश त्याच्या कितीतरी पट महाग पडते. मायक्रोफोन हा यातला खरा खर्च आहे, पण तो मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणता येतो, आणि त्याच्याशिवाय हे काम करू नये, कारण ज्या कोनात सुळकाच नाही त्यावर लेप देऊन फक्त वजन वाढते. जोडीतला दुसरा स्पीकर मी तीन महिने कोरा ठेवला होता, म्हणजे तुलना करताना आठवणीवर विसंबावे लागू नये. दोन्हींची पातळी 0.7 डेसिबलने जुळवून, कोणता कोणता हे मला न सांगता मुलीने ते बदलत ठेवले, तेव्हा पेटीवर मी लेपाचा स्पीकर दर वेळी ओळखला, तबल्यावर आणि पुरुषी आवाजावर मुळीच ओळखू शकलो नाही. त्यानंतर दुसऱ्या स्पीकरलाही त्याच वाटीतून, त्याच ब्रशने 3.2 ग्रॅम मिश्रण दोन हातांत दिले. आता दोघांचे आलेख सबंध पट्ट्यात अर्ध्या डेसिबलच्या आत जुळतात, आणि लेपाची तारीख व वजन मी दोन्ही चुंबकांच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवले आहे.